मुद्देमाल : चरवी एक, पितळी

नाव सांगितलं, लगमाबाई दत्तू देवणे.
राहणार वडणगे. धंदा, दूध.
हवालदारानं पेन थांबवलं :
त्या बाईशी तुझं नातं?
काही नाही.
काहीतरी लिहायला लागतंय, मावशी.
मग लिवा की, गिऱ्हाईकसुद्धा न्हवती.

गंगावेशीत रात्री माझ्या दोन म्हशी उभ्या असतात.
गिऱ्हाइकासमोर धार काढायची,
फेस बसायच्या आत पेला हातात द्यायचा.
त्या दिवशी थंडी मरणाची.
तालमीतली पोरं पिऊन गेली होती,
कट्ट्यावर उरलेले सात-आठजण
मफलरीत तोंडं घालून.

ती रंकाळ्याकडनं पळत आली,
एका पायात चप्पल.
मागनं तो, हातात नारळ सोलायचा कोयता.
घरचा मामला हाय, त्यानं सगळ्यांना सांगितलं,
आणि सगळे आपापल्या पेल्यात
माशी पडल्यासारखे बघत बसले.

तिचे केस त्याच्या मुठीत.
कोयता वर.
माझ्या हातात चरवी, निम्मी भरलेली.

पहिली मनगटावर बसली.
दूध त्याच्या अंगावर, तिच्या अंगावर, माझ्या.
कोयता सुटला नाही.
दुसरी कोपरावर.
कोयता गटारीत पडल्याचा आवाज
मी माझ्या कानानं ऐकला.

आणि तरी हात तिसऱ्यांदा वर गेला.

हे जबाबात नाही.
हे फक्त तिवडे वकीलबाईंना सांगितलं,
त्यांनी दार लोटून घेतलं, पुस्तक काढलं,
चष्मा पुसून वाचलं :
स्वतःच्या, किंवा दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीच्या
शरीराच्या बचावाचा हक्क.
मी म्हटलं, ते 'कोणत्याही' परत वाचा.
एवढ्या जाड पुस्तकात
कुणीतरी एक जागा मोकळी ठेवली होती,
नाव न विचारता,
अनवाणी पायानं पळत येणाऱ्या कुणासाठीही.

पुढंही वाचलं त्यांनी.
बचावाला लागेल तेवढंच. त्याच्यावर नाही.

म्हणजे माप.
माप मला कळतं, बाई,
तीस वर्षं तेच करते.
पण दूध ओतताना हात थांबवणं वेगळं,
आणि रागात आपला हात
आपल्यालाच परका झालेला असताना वेगळं.
कोयता गटारीत होता, मला माहीत होतं.
त्याचं डोकं समोर होतं, तेही माहीत होतं.
तेवढ्यात मागं भुरीनं पाय आपटला,
दावं ताणून हंबरली,
सवयीनं मी तिच्याकडं वळले.
म्हणून तिसरी नाही.

वकीलबाई त्याला संयम म्हणाल्या.
मी म्हैस म्हणते.
चार दिवस तिनं पान्हा चोरला,
सड दुखेपर्यंत ओढलं तरी धार नाही.

कोर्टात ती आली, हिरवी साडी, डोक्यावर पदर.
म्हणाली, अंधार होता, मला काही आठवत नाही.
तो पहिल्या बाकावर बसला होता,
मनगट अजून वाकडं.
वकीलबाईंनी माझ्याकडं बघितलं,
मी रागावले का ते बघायला.
रागावले. खोटं कशाला बोलू?
जिन्यावर बसून बाटलीतलं पाणी प्याले,
मग वाटलं,
तिनं आठवण ठेवावी अशी काही बोली झाली न्हवती.
पानवाल्याच्या पोरानं मात्र खरं सांगितलं,
पेल्यातनं मान वर काढलेला
तेवढा एकच.

सुटले. दीड वर्षानं चरवीही सुटली.
गळ्यात सुतळी, लाखेचा शिक्का,
चिठ्ठीवर माझं नाव चुकलेलं.
आत दुधाची साय वाळून
पापडासारखी झालेली.
चिंच लावून दोनदा घासली.

पोचा मोठा आहे. कासार म्हणाला, काढून देतो.
म्हटलं, बघू.
आता ती पावशेर कमी धरते,
जुन्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक नाही.
म्हणून भरली की मी वरनं आणखी घालते,
पावशेर,
आणि हात जड असला तर
थोडं जास्तच.
दुधात ते चालतं.